सुताराची ओसरी: कोन करवतीला द्या, साल सरळ मारा

एरवी आपल्याकडे दार फुगलं, पलंग करकरते, उंबरठ्याला वाळवी लागली असले प्रश्न येतात. आषाढ लागला की पोळा आणि गणपती दिसायला लागतात आणि मग पत्रांतलं लाकूड एकदम तिरपं होते. यावेळी बहुतेक सगळे प्रश्न एकाच जागी अडकलेले आहेत: दोन तुकडे काटकोनात नाहीत, मग जोडायचे कसे. म्हणून उत्तरात पुन्हा पुन्हा सुटी चूल येईल, कंटाळू नका. चूल म्हणजे स्वयंपाकाची नाही, लाकडाच्या टोकाला काढतो ती जीभ, कोणी तिला कुसू म्हणते. आणि ती जिच्यात बसते ती खाच म्हणजे साल. सुटी चूल म्हणजे जीभ कोणत्याच तुकड्यातून काढायची नाही, दोन्हीत साल मारायची आणि मधे वेगळी लाकडाची पट्टी बसवायची, बस.

प्रश्न: भाऊ, पोट्ट्यासाठी तान्ह्या पोळ्याचा नंदी घरीच बनवला. धड झालं, पाय झाले, पण मान काही केल्या टिकत नाही. मागच्या साली खिळे मारले होते, पोट्ट्यानं शिंग धरून ओढलं अन् मान त्याच्या हातात. यंदा फेविकॉल लावला तरी निघाली. मान तिरपी असल्यानं चूल काढताच येत नाही मले. पाय पण जरासे फाकवायचे आहेत. काय करू? — एक वाचक, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर: तुमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे गावचा तान्हा पोळा आहे, म्हणजे पोरांचा लाकडी नंदीचा पोळा, तिथले नंदी पाहून पोरगं घरी येते आणि मग बापाची परीक्षा असते, समजू शकतो.

आधी फेविकॉल का सुटला ते. कापलेल्या टोकाकडून लाकूड पाहा, बारीक बारीक नळ्यांची जुडी बांधल्यासारखं दिसते. त्या नळ्या गोंद पिऊन टाकतात आणि सांध्यात काही उरतच नाही, म्हणून टोकाला लावलेला गोंद कितीही महागाचा असो, झटका बसला की सुटतो. गोंद धरतो तो लाकडाच्या लांब अंगाला, जिथे धागे आडवे पडलेले असतात. खिळ्याचं तर बोलूच नका, टोकाकडून मारलेला खिळा धाग्यांच्या मधून जातो आणि जसा गेला तसाच परत येतो.

तुम्ही म्हणता मान तिरपी असल्यानं चूल काढता येत नाही. बरोबर आहे आणि काढायचीही नाही. मानेच्याच लाकडातून तिरपी चूल काढली की तिचे धागे आरपार कापले जातात, ती दिसायला चूल असते पण बिस्किटासारखी तुटते. सुटी चूल इथेच कामाला येते, कारण तिचे धागे तुम्ही हवे तसे ठेवू शकता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

आता कोन. अंशात मोजायच्या भानगडीत पडू नका. ओसरीच्या फरशीवर नाहीतर खरड्यावर, म्हणजे पुठ्ठ्यावर, कोळशानं पूर्ण मापाचा नंदी काढा, बाजूनं दिसतो तसा, धड आणि मान. मान किती वर पाहिजे ते डोळ्याला पटलं की तो कोन तिरप्या गुण्यानं उचला, ज्याचं पातं स्क्रूनं सैल-घट्ट होते तो. तिरपा गुण्या नसेल तर दोन पट्ट्या एका बोल्टनं जोडल्या की झाला.

आणि मुख्य गोष्ट ही की कोन कुठे टाकायचा. मानेचं टोक सरळ काटकोनात कापा. सगळा तिरपेपणा धडाला द्या, म्हणजे खांद्याचा वरचा कोपरा करवतीनं असा उतरवा की त्या उतारावर मान उभी ठेवली की आपोआप हवी तशी झुकलेली राहील. हे केलं की दोन्ही साली आपापल्या कापाला सरळ उभ्या लागतात, ड्रिल तिरपी धरायची गरजच नाही. मानेतली साल मानेच्या धाग्यांबरोबर जाते, आणि पोट्टे ओढणार ते मानेलाच, म्हणजे जिथे ताकद पाहिजे तिथेच ती मिळाली. धडाचा ठोकळा जाड आहे, त्याला काही होत नाही.

माप सांगतो. मान ७० मिलिमीटर रुंद-जाड असेल तर एक जाड चूल बसवण्यापेक्षा शेजारी शेजारी दोन बसवा, १२ मिली जाड, ४५ मिली रुंद, दोन्हीकडे ४०-४० मिली आत. एकच चूल असली की मान पिळली जाते, पोरं मान ओढत नाहीत हो, पिळतात. चूल कापायची ७८ मिली, ८० नाही, ते २ मिली गोंदाला जागा. चुलीच्या अंगावर करवतीनं दोन-तीन उथळ रेघा मारा, म्हणजे आत दबलेली हवा आणि जास्तीचा गोंद त्यातून वर येईल, नाहीतर चूल अर्ध्यावर अडते, तुम्ही हातोडी उचलता आणि मानेला उभी चीर पडते. चूल अंगठ्यानं दाबून आत गेली पाहिजे, उलटी केल्यावर पडली नाही पाहिजे. एवढंच फिटिंग.

पायाचं तेच, फक्त इथे कोन पायाच्या टोकाला द्यायचा. पाय ७ अंश फाकवायचे तर पायाचं वरचं टोक ७ अंशात कापा आणि त्या कापाला सरळ साल मारा, धडाच्या पोटात पण सरळ. ७ अंशाला ४० मिली आत गेल्यावर साल पायाच्या धाग्यापासून जेमतेम ५ मिली सरकते, पाय ४५ मिली जाड असला तर काळजी नाही. मात्र पाय पुढे-मागे आणि बाजूला असे दोन्हीकडून फाकवले की हिशेब बदलतो, दोन्हीकडून ८-८ अंश असले तर कोपऱ्याच्या रेषेत ते सव्वा अकरा अंश होतात, १६ नाही. हे लक्षात न घेतल्यानं किती स्टूल लंगडे झाले असतील देव जाणे. खालच्या चाकाच्या पाटाला पाय बसवायच्या आधी नंदी सपाट जागी उभा करा, पाटाच्या जाडीचा एक तुकडा फिरवत चारी पायांना पेन्सिल मारा, मग खालचा काप.

प्रश्न: मी बचत गटाच्या बायांसोबत गणपतीसाठी लाकडी मखर करून विकायचा विचार करते आहे. सहा बाजूंचा पाया, १८ मिलीच्या फळीचा, ३ इंच उंच. मुलानं चॉप-सॉ आणली, कोनात कापायची मशीन. ६० अंशात कापलं तर भलतंच झालं, मग ३० वर कापलं तर जमलं, पण शेवटची फट काही मिटत नाही. आणि एक सांधा चूल घालताना फळीच्या बाहेरून फुटला. — एक वाचिका, आरमोरी तालुका

उत्तर: ताई, ६० ची चूक सगळेच करतात. सरळ हिशेब ठेवा, १८० ला बाजूंनी भागा. सहा बाजू, ३० अंश. आठ बाजू, साडेबावीस. पाच बाजू, ३६. मशीनवरचा आकडा हा असतो.

शेवटच्या फटीचं दुखणं मात्र जुनं आहे आणि मी स्वतः त्यात नाक कापून घेतलेलं आहे. फार वर्षांपूर्वी मी गावातल्या मंडळाला आठ बाजूंचा चौथरा करून देतो म्हटलं. पहिले सात सांधे असे बसले की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो. रात्री दहाला आठवी फळी घेतली तर एक, तिथे बोटभर फट, आणि दोन, ती फळी आत जातच नव्हती, दोन्ही बाजूच्या चुला वेगवेगळ्या दिशेला तोंड करून बसलेल्या, ती सरकणार कुठून. शेवटी चुला छाटल्या, फटीत भुसा-गोंद भरला, वर झेंडूची माळ सोडली. दहा दिवस मी त्या माळेकडेच पाहत होतो, गणपतीकडे नाही.

फट का पडते ते पाहा. सहा बाजूंना बारा काप. मशीन फक्त अर्धा अंश चुकली तरी बारा वेळा मिळून ६ अंश, आणि ते सगळे शेवटच्या सांध्यात येऊन बसतात. म्हणून सहाच्या सहा एकदम चिकटवू नका. तीन फळ्यांचा अर्धा भाग आधी चिकटवा, दुसऱ्या तीनचा दुसरा. वाळू द्या. मग एका सपाट पाटावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि अर्ध्या भागाची दोन्ही मोकळी टोकं खाली करून त्यावर घासा, दोन्ही टोकं एकसारखी टेकेपर्यंत. बाकीच्या सांध्यांत जी काही चूक साठली ती इथे निघून जाते. मग त्या टोकांत साली मारा, आणि आता गंमत अशी की समोरासमोरचे दोन शेवटचे सांधे एकाच सपाटीत आलेले असतात, त्यामुळे त्यांच्या चुला एकमेकींना समांतर, दोन्ही अर्धे भाग डब्याच्या झाकणासारखे सरळ एकमेकांत जातात. माझ्या आठव्या फळीचं दुखणं इथे येतच नाही.

पाच बाजू असल्या तर अर्धे भाग होत नाहीत. तेव्हा पाचही तुकडे चुलांसकट सैल मांडायचे आणि चौघींनी मिळून एकदमच मधल्या बिंदूकडे सरकवायचे, सगळे सांधे बरोबरीनं मिटतात. एकामागून एक नाही, एकदम. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून बाहेरून घट्ट गुंडाळा, तिच्यासारखा क्लॅम्प दुकानात मिळत नाही, कारण ती सगळ्या कोपऱ्यांवर सारखी ओढते.

आता बाहेरून फुटलेला सांधा. तिरप्या कापात साल सरळ मारली की ती आत जाता जाता फळीच्या बाहेरच्या अंगाकडे सरकते, म्हणून ती कापाच्या बरोबर मधे मारायची नाही, आतल्या कडेकडे ढकलायची. तुमच्या १८ मिलीच्या फळीला ३० अंशाचा काप दिला की कापाची रुंदी जवळपास २१ मिली होते. ६ मिलीची साल मधोमध मारली तर १३ मिली खोलीला ती बाहेर निघणार, तुमची निघाली ती इथेच. तीच साल बाहेरच्या टोकापासून १३ मिलीवर मध्य ठेवून मारली तर १७ मिलीपर्यंत लाकूड आहे, तुम्ही १२ च मारा. चूल मग २२ मिली लांब. ३ इंच उंचीला प्रत्येक सांध्यात ४० मिली रुंदीची एक चूल पुरे.

सगळ्या खुणा फळीच्या बाहेरच्या अंगाकडूनच मोजा. प्रत्येक फळीच्या बाहेरच्या अंगावर खडूनं आकडा टाका, १ पासून ६ पर्यंत. एक फळी जरी उलटी मोजली गेली तरी त्या सांध्याला पायरी पडते आणि ती घासून काढता काढता बायांची दुपार जाते.

मखराच्या बाजू वर जाताना बाहेर झुकवायच्या असतील, कमळासारख्या, तर दोन कोन एकदम लागतात, फळीचा आडवा आणि पात्याचा झुकाव. चार बाजूंचा, १५ अंश झुकलेला पाया असेल तर मशीन साडेचौदा अंशाला फिरवायची आणि पातं ४३ अंशाला झुकवायचं. ४५ ला नाही, तिथेच सगळे फसतात. यंदा सरळच करा, झुकलेलं पुढच्या वर्षी.

प्रश्न: सहा कोनी आरशाची फ्रेम केली, सागवान, पट्टी ७५ मिली रुंद. दिवाळीत सांधे असे होते की नख जात नव्हतं. मे महिन्यात सगळ्या सांध्यांना आतून फट. सुटी चूल टाकली होती, तरी. — बल्लारपूर

उत्तर: चूल टाकली म्हणूनच फ्रेम अजून भिंतीवर आहे, पण चूल लाकडाला वाळण्यापासून थांबवू शकत नाही.

लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाही. तुमची ७५ मिलीची पट्टी समजा २ टक्के आकसली, म्हणजे दीड मिली. लांबी तेवढीच राहिली. आता तुम्ही ३० अंशात केलेला काप साडेतीस अंशाचा झाला, दोन्ही पट्ट्यांचा मिळून एक अंश, बाहेरचं टोक टेकलेलं आणि आत उघडं. कापाच्या लांबीवर तो एक अंश दीड मिलीची फट दाखवतो. श्रावणात बघा, लाकूड दमट हवा पिऊन फुगलं की फट बऱ्यापैकी मिटलेली दिसेल.

आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो, एवढी ओढाताण पुण्या-मुंबईच्या फ्रेमला नसते. उपाय दोनच. पट्टी अर्धी करा, फट पण अर्धी होईल. आणि लाकूड आणल्याबरोबर कापू नका, फट्टे मधे ठेवून थप्पी लावा, निदान एक उन्हाळा जाऊ द्या, आणि सांधे मे मध्येच करा जेव्हा ते जास्तीत जास्त वाळलेलं असते. पावसात फुगलं तर फट बाहेरच्या टोकाला येईल पण बारीक राहील. गोंद मात्र मे मध्ये सकाळी सहालाच लावा, दुपारी तो लावता लावता साय धरतो.

मखराच्या पायाला हा त्रास का होत नाही असं वरच्या ताई विचारतील. तिथे फळी उभी आहे, काप तिच्या १८ मिलीच्या जाडीतून जातो, जाडी आकसून आकसून किती आकसणार.

प्रश्न: सुट्या चुलीला सागवानच पाहिजे का? आमच्याकडे बाभूळ पडली आहे. — दर्यापूर

उत्तर: बाभूळ चालते, वाळलेली आणि सरळ धाग्याची असली तर. सागवानाला चंद्रपूरचं लाकूड २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी गेल्यापासून असा भाव चढला आहे लोकांच्या मनात की साध्या पाटालाही सागवान पाहिजे म्हणतात. चूल सांध्याच्या आत लपलेली असते, तिला रूप नको, सरळ धागा पाहिजे. गाठ आलेला तुकडा फेका. बैलगाडीचं चाक ज्यांनी उघडं पाहिलं असेल त्यांना आठवेल, घेराचे वाकडे तुकडे एकमेकांना जोडताना मधे लाकडाची गुल्ली असते, आणि बाहेरून लोखंडी धाव तापवून चढवली की ती थंड होता होता सगळे सांधे आवळते. तेही सुट्या चुलीचंच काम, आणि लाकूड बहुतेक बाभळीचंच.

प्रश्न: यूट्यूबवर एक जर्मन मशीन दाखवतात, फळीला टेकवली की एका सेकंदात साल. घ्यावी का? — पुसद

उत्तर: फेस्टूलची डोमिनो. तिचं पातं गोल फिरता फिरता डावी-उजवीकडे झुलतेही, म्हणून भोक न पडता लांबट साल पडते. ४ पासून १० मिलीपर्यंतची पाती, २८ मिलीपर्यंत खोली, आणि पुढची पट्टी शून्यापासून ९० अंशापर्यंत कुठेही अडकवता येते, म्हणजे तिरप्या कापावर तीच पट्टी टेकवली की झालं. चांगली मशीन आहे, खोटं कशाला बोलू. पण तिच्या पैशात बरी सेकंडहँड मोटरसायकल येते, वर्षाला दोन मखरं आणि एक नंदी करणाऱ्याला ती परवडत नाही.

त्याऐवजी बाभळीचा हातभर ठोकळा घ्या. त्याच्या खालच्या अंगाला तुमचा कोन कापा, तिरप्या कापावर ठेवला की त्याचं वरचं अंग सपाट यावं असा. त्यात कापाला सरळ उभी ६ मिलीची तीन भोकं ओळीनं पाडा, हे भोकं पाडायचं काम एकदाच, ड्रिल-स्टँड असलेल्या गॅरेजवाल्याकडून करून घ्या. ठोकळा फळीला आवळा, त्या भोकांतून हातड्रिलनं साल पाडा, ड्रिलच्या बिटाला खोलीसाठी टेप गुंडाळा, मधले कंगोरे ६ मिलीच्या पटाशीनं साफ करा. सालीची टोकं गोल राहतील, ती चौकोनी करत बसू नका, चुलीच्या कडाच रंध्यानं गोल करून घ्या, ते सोपं. एका सालीला तीन-चार मिनिटं जातात.

ठोकळ्यावर कोन आणि फळीची जाडी ठळक लिहून ठेवा. माझ्याकडे असे अकरा ठोकळे आहेत आणि त्यातल्या चारांवर काहीच लिहिलेलं नाही.